ओवीशी मराठी न बोलण्याचं खरं कारण

आई, घे. मराठीत लिहितोय.

तुझं-माझं शेवटचं भांडण याच गोष्टीवरून झालं, म्हणून आधी हेच सांगून टाकलं. तू गेलीस त्याच्या आधीचा रविवार. अकराला नेहमीसारखा फोन केला. ‘चार मिनिटं उशीर झाला,’ तू म्हणालीस. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग तू ओवीला बोलावलंस. सात वर्षांची पोर ती. ‘हाय आजी, हाऊ आर यू’ म्हणाली आणि पळाली खेळायला.

झालं, ठिणगी पडली.

‘नाव ठेवलंय ओवी आणि तोंडात ए-बी-सी-डी,’ तू म्हणालीस. ‘आईची कन्नड आली, बापाची मराठी तेवढी नाही आली. नंदू, तू पोटच्या पोरीशी साहेबासारखा इंग्रजीत बोलतोस. उद्या मी मेले तर माझ्या नावाने चार शब्द बोलता यायचे नाहीत तिला.’

मी कारणं दिली. शाळा इंग्रजी आहे, सोसायटीतली पोरं हिंदी-इंग्रजी बोलतात, घरात दीपाची कन्नड आहेच, त्यात आणखी एक भाषा म्हणजे पोरीच्या डोक्याचा भुगा. एकही कारण खरं नव्हतं. तुला ते कळलं, कारण माझं खोटं तुला फोनवरूनही दिसायचं.

‘तुला माझी लाज वाटते,’ तू म्हणालीस. ‘एवढंच कारण आहे.’

‘आई, मी फोन ठेवतो,’ असं म्हणून मी फोन ठेवला. बेचाळीस वर्षं आपण एकमेकांशी बोललो, त्यातलं हे माझं शेवटचं वाक्य. गुरुवारी सकाळी शेजारच्या गौराक्कांचा फोन आला की तू दार उघडत नाहीस. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेलीस, हृदय बंद पडलं, कळलंही नसेल. मला ते पटत नाही. तुला न कळता काही झालंय, असं मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

आज पंधरा दिवस झाले. लाज वाटत नव्हती, आई. खरं कारण वेगळं होतं आणि ते आता सांगतो. तू समोर असतीस तर जमलं नसतं. तू मध्येच तोडलं असतंस, आणि एकदा तोडलं की मी पुन्हा तोंड उघडणाऱ्यातला नाही. आता तुला ऐकून घ्यावंच लागेल. मेलेल्या माणसाचा असा फायदा घेऊ नये, पण दुसरी वेळ मला मिळालीच नाही.

अण्णांचं घराणं बंगळुरात तीन पिढ्यांचं. त्यांची मराठी म्हणजे निम्मी कन्नड. ‘सरी, बिडु’, म्हणजे बरं, जाऊ दे, एवढ्या दोन शब्दांवर त्यांनी अख्खा संसार केला. बोलायचं असलं की ते कन्नडमध्ये बोलत आणि नसलं की काहीच बोलत नसत. शाळेत इंग्रजी, गल्लीत कन्नड. मराठी आमच्या घरी आली ती तुझ्याबरोबर, सांगलीहून. पुण्याच्या पोरालाही मराठीत ओरडणारी आई असते, पण त्याला मराठीत बोलणारा दूधवाला असतो, मराठीत खोड्या काढणारे मित्र असतात, मराठीत शिव्या देणारा रिक्षावाला असतो. आईचा आवाज त्या गर्दीत थोडा विरून जातो. माझ्याकडे गर्दीच नव्हती. माझ्यासाठी मराठी म्हणजे तू. एकटी तू.

आणि आज कुठली तू आहेस, हे सकाळी उठल्याशिवाय कळायचं नाही.

चांगल्या दिवसांची तू कशी होतीस, ते मी कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. ‘आज शाळा नको,’ असं म्हणून गणवेश घातलेल्या पोराला घेऊन तू हेब्बाळच्या तळ्यावर जायचीस. उकडलेल्या शेंगा खात आपण बांधावर बसायचो. पाण्यातल्या पक्ष्यांना तू तुझ्या सांगलीच्या नातेवाइकांची नावं ठेवायचीस. ‘तो बघ, मान फुगवून उभाय, तो आमचा बापूकाका. आणि ती दुसऱ्याच्या चोचीतलं ओढतेय ना, ती काकू.’ हसून हसून माझं पोट दुखायचं. कुणाची आई शाळा बुडवून असं काही करत नव्हती. मी साऱ्या वर्गाची कीव करायचो. इतके चांगले दिवस मला नंतर कुणीही दिले नाहीत, आई. हे मी अगदी मनापासून लिहितोय, पुढचं वाचताना तेवढं लक्षात ठेव.

चौथीतला तो कोट तुला आठवत असेल का, मला माहीत नाही. आपण त्याच्याबद्दल नंतर कधी बोललोच नाही. शाळेच्या नाटकात मी राजा होतो. भाड्याचा कोट तुला नको होता. तू स्वतःच्या लग्नातल्या शालूचा पदर कापलास आणि आठवडाभर मशीनवर बसून माझ्यासाठी जरीचा कोट शिवलास. नाटकाच्या दिवशी सकाळी तू मला तो घातलास, आणि मी काय केलं? पळत शेजारी गेलो, गौराक्कांना दाखवायला. त्यांनी गालावर हात फिरवून ‘राजा, राजा’ म्हटलं, हातावर साखर ठेवली. मी परत आलो तेव्हा तू दारात उभी होतीस. नाटकाला आलीस, पहिल्या रांगेत बसलीस, टाळ्याही वाजवल्यास. मला वाटलं, सुटलो.

घरी आल्यावर तू कोट मागून घेतलास. स्वयंपाकघरात खाली बसलीस आणि कात्रीने त्याच्या पट्ट्या करायला लागलीस. सावकाश, एकसारख्या, जणू कुणी मापं दिली होती. ‘फितूर कुठला,’ तू म्हणत होतीस. ‘शिवला मी आणि मिरवला कुणाकडे? फितूर. बापावर गेलास. सगळे सोडून जाणार मला, तू पहिला जाशील.’ अण्णांनी चपला घातल्या आणि ‘स्वल्प हवा घेऊन येतो’ म्हणून ते बाहेर पडले. त्यांनी आयुष्यात इतकी हवा घेतली की बास. कोट संपल्यावर तू कात्री हातात धरूनच रडायला लागलीस. ‘शपथ घे माझ्या गळ्याची. मला सोडून कधी जाणार नाहीस. घे शपथ.’ मी घेतली. नऊ वर्षांच्या मुलाला अशा वेळी जे काही म्हणायला सांगितलं ते तो म्हणतो. संध्याकाळी तू श्रीखंड-पुरी केलीस आणि मला स्वतःच्या हाताने भरवलंस. मला ते उतरलं नाही, पण मी तीन पुऱ्या खाल्ल्या. दोनच खाल्ल्या असत्या तर तुला वेगळं काही वाटलं असतं.

त्या दिवसापासून मी तुझ्यावर लक्ष ठेवायला शिकलो. ओट्यावर पातेलं कसं ठेवलं जातंय, बांगड्या किती जोरात वाजताहेत, हाक मारताना ‘नंदू’ म्हणालीस की ‘नंदकुमार’. परीक्षेत मी बरा होतो, पण याच्यात पहिला आलो असतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं म्हणतात, तसं होतं आपलं. जवळ आलो की ‘सारखा काय चिकटतोस’, लांब गेलो की ‘फितूर’. मी मध्ये कुठे उभं राहायचं ते मला कधी सापडलं नाही. बाहेर कुणाला सांगणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ. तुझ्याकडच्या चुलत मामाला एकदा सांगितलं तर तो म्हणाला, घरोघरी मातीच्या चुली. असतील. पण आमची चूल कधी पेटेल ते कुणालाच माहीत नसायचं.

शपथ मी मोडली, तुला माहीतच आहे. लग्न झाल्यावर घर शोधलं ते सर्जापूर रोडला, हेब्बाळच्या नेमकं उलट टोकाला. ‘ऑफिस जवळ पडतं,’ असं तुला सांगितलं. रिंग रोडचा ट्रॅफिक मला मधे हवा होता, हे आज सांगतो. लोक त्या ट्रॅफिकला शिव्या घालतात, मला त्याचा आधार वाटायचा. दोन तास मधे असले की माणूस सहज दार ढकलून आत येत नाही. अण्णा गेल्यावर तू दोनदा फोन केलास, ‘मी आता जगत नाही, बघायचं तर ये.’ दोन्ही वेळा मी मीटिंग सोडून त्या ट्रॅफिकमधून आलो. पहिल्यांदा तू उपमा करून वाट बघत होतीस. दुसऱ्यांदा दार लावून घेतलं होतंस आणि गौराक्का बाहेर पायरीवर बसून तुझ्याशी बोलत होत्या. त्यानंतर मी तुला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चार-पाच भेटींनंतर बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर असं नाव सांगितलं. भावना फार जोरात येतात, सोडून जातील ही भीती सारखी असते, समोरचा माणूस एका क्षणी देव वाटतो आणि दुसऱ्या क्षणी वैरी. ते बोलत होते आणि मला वाटत होतं, हा माणूस आमच्या स्वयंपाकघरात कधी येऊन गेला?

‘माझ्या स्वभावाला आता इंग्लिश नाव ठेवलंत,’ तू बाहेर आल्यावर म्हणालीस. ‘आता बरं वाटलं का सगळ्यांना?’

मला बरं वाटलं होतं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं होतं. इतकी वर्षं मी समजत होतो की मी वाईट मुलगा आहे म्हणून हे होतंय.

त्याच दिवशी खाली उतरताना तू जिन्यात थांबलीस. कठड्याला धरून म्हणालीस, ‘नंदू, हे मला लहानपणापासून असेल का रे?’ तुझा तो आवाज मी आधी ऐकला नव्हता. तुझी आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. शैलामावशी तान्ही, म्हणून ती आजोळी राहिली, आणि तू हाताशी येण्याजोगी, म्हणून या काकाकडून त्या काकाकडे फिरलीस. कुठलं घर किती दिवसांचं, ते तुला कधी सांगितलं गेलं नाही. हे सगळं मला माहीत होतं. मी तिथेच पायरीवर बसायला हवं होतं. ‘असेल गं आई, तुला कुणी धरूनच ठेवलं नाही’ एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, ‘माहीत नाही, चल, पार्किंगची वेळ संपेल.’ तू पुढे काही विचारलं नाहीस. डॉक्टरांकडे आणखी चार वेळा गेलीस आणि मग बंद केलंस. त्या जिन्याचं मला फार वाईट वाटतं, आई. बाकीच्या गोष्टींत तुझाही वाटा आहे, त्या जिन्यात चूक माझी एकट्याची होती.

मग मी स्वतःही समुपदेशनाला जायला लागलो. मारतहळ्ळीला, दर मंगळवारी. तुला जिमला जातो म्हणून सांगायचो आणि तू म्हणायचीस, ‘पोट तर आहे तसंच आहे.’ तिथल्या बाई कन्नड, बोलणं इंग्रजीत. मी म्हणायचो, ‘शी वॉज अपसेट.’ त्या लिहून घ्यायच्या. मला वाटायचं, यांना काय कळणार? अपसेट ही काय चीज आहे? त्यात ना तुझा अबोला मावतो, ना कात्री. एक दिवस त्या म्हणाल्या, ती जसं म्हणायची तसं म्हणून दाखवा, तुमच्या भाषेत. मी म्हणालो, ‘फितूर कुठला.’ मला वाटलं होतं, रडू येईल. पण अंगावर काटा आला, कारण तो आवाज हुबेहूब तुझा होता. तोच चढ, तेच दात खाऊन बोलणं. माझ्या घशात तू तयारीत बसली होतीस.

आणि तो आवाज मी आधीही एकदा ऐकला होता, त्या खोलीच्या बाहेर. आता येतो खऱ्या कारणावर.

ओवी तीन वर्षांची होती. तोवर मी तिच्याशी मराठीतच बोलायचो, तुला आठवत असेल. एका सकाळी मला उशीर होत होता आणि तिने दुधाचा पेला कलंडला. माझ्या लॅपटॉपवर. मी ओरडलो, ‘मुद्दाम करतेस ना? मला छळायला करतेस. बापाचं काही पडलेलं नाही तुला.’ तीन वर्षांच्या पोरीला! दीपाला मराठी कळत नाही, पण ती स्वयंपाकघरातून धावत आली. ओवी रडली नाही. ती हलली नाही, तिने पेलाही उचलला नाही. नुसती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली, पुढे काय होणार ते हुडकत. ते बघणं मला बरोबर ओळखू आलं. ते माझं होतं.

त्या दिवशी मी ठरवलं, या पोरीशी मराठी बंद. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, मी तर ताकच सोडून दिलं. इंग्रजीत मला धड चिडताच येत नाही, आई. चिडायचं तर आधी शब्द शोधावे लागतात, ते सापडेपर्यंत राग थंड होतो. चार वर्षं मी माझ्या मुलीशी जपून, गोड, ऑफिसच्या ईमेलसारखा बोललो. तिने माझा चेहरा पुन्हा तसा वाचला नाही. त्याच्या बदल्यात तू तिला गमावलीस. दर रविवारी तू फोनवर तिच्याशी मराठीत बोलायचीस आणि ती ‘ओके आजी, बाय आजी’ म्हणायची. तुला वाटलं, लाज. मी तुला तेच वाटू दिलं, कारण ‘तुझा आवाज तिच्या कानावर पडू नये म्हणून’ हे मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो? पण तेव्हाही एक भीती होती, आणि तू गेल्यावर तर ती उठू देत नाही की बसू देत नाही. पोरीला तुझ्या रागापासून वाचवता वाचवता मी तुला सबंधच पुसून टाकलं की काय?

दहावा श्रीरंगपट्टणला केला, कावेरीकाठी. सांगलीहून शैलामावशी आली होती. दीपा आणि गौराक्काही आल्या होत्या. पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरलो. झाडावर कावळे होते, चांगले सात-आठ. एकही उतरेना. ‘कागे बरत्ते, स्वल्प ताळि,’ गुरुजी म्हणाले, येईल कावळा, जरा धीर धरा. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला.

मग आपल्यात करतात ते सुरू झालं. गेलेल्याचं मन कशात अडकलंय ते ओळखायचं आणि तशी कबुली द्यायची, म्हणजे कावळा शिवतो. मावशीने हात जोडले, ‘ताई, तुझी तुळस मी सांगलीला नेते गं.’ कावळा ढिम्म. दीपाने तिच्या भाषेत सांगितलं, घर लगेच विकणार नाही. गौराक्का म्हणाल्या, तुझ्या मांजरीला मी दूध घालत जाईन. एक कावळा खालच्या फांदीवर आला, चोच पुसली आणि तिथेच बसला. हट्टीपणात तोही तुझ्या माहेरचाच असावा.

मग सगळे माझ्याकडे वळले.

‘नंदू, तूच बोल आता,’ मावशी म्हणाली. ‘तिचा जीव कशात अडकलाय ते शेंबड्या पोरालासुद्धा कळेल. म्हण, ओवीला मराठी शिकवीन. तीन शब्द आहेत रे. म्हण.’

तीनच शब्द होते. ते ओठांवर आलेही. पण सगळे बघताहेत, समोर तू आहेस, आणि मी काही म्हटल्याशिवाय तुझी सुटका नाही आणि माझीही नाही, हे सारं मला फार ओळखीचं वाटलं. मी बेचाळीस वर्षांचा माणूस, धोतर नेसून उन्हात उभा होतो आणि मला कात्रीचा आवाज ऐकू येत होता. एकदा घाबरून तुला वचन दिलं होतं, आई. ते पाळलं असतं तर मी संपलो असतो आणि मोडलं म्हणून रोज स्वतःला फितूर म्हणत आलो. तसलं दुसरं वचन मला तुला द्यायचं नव्हतं.

‘नाही म्हणणार, मावशी,’ मी म्हणालो. ‘जमलं तर करीन. वचन देणार नाही.’

‘अरे, आई आहे ती तुझी!’

‘म्हणूनच.’

मावशीने तोंडाला पदर लावला. ‘एवढंसुद्धा होत नाही तुझ्याच्याने?’ ती म्हणाली. ‘साकु बिडि, शैलक्का,’ गौराक्कांनी तिला धरलं, पुरे आता, सोडा त्याला. गुरुजींनी घड्याळ बघितलं, दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. विधी पूर्ण झाला. परत येताना मावशी तीन तास माझ्याशी बोलली नाही. अबोल्यात तुम्ही दोघी बहिणी सारख्याच. मी मागच्या सीटवर बसून मनातल्या मनात तुझी माफी मागत होतो आणि नेमकी कशाची मागतोय ते मला सांगता येत नव्हतं.

काल हेब्बाळच्या घरी गेलो, तुझं कपाट आवरायला. दीपा आणि गौराक्का साड्यांच्या घड्या घालत होत्या. ओवी कपाटाच्या दाराशी खेळत होती, उघड, मीट, उघड, मीट. तिला नको म्हणेपर्यंत तिचं बोट फटीत सापडलं. अशी किंचाळली की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

मी धावलो. पुढचं मी ठरवून केलं नाही. तिला मांडीवर ओढलं, बोटावर फुंकर घातली आणि म्हणालो, ‘बघू बघू, कुठे लागलं माझ्या सोनुल्याला? कुणी मारलं? या दाराने मारलं? हात रे दारा! माझ्या बाळाला मारतंस? थांब, तुला चांगला चोप देतो.’ आणि कपाटाच्या दाराला फाडफाड दोन चापट्या मारल्या. ‘गेला हं बाऊ. भुर्र गेला. मी आहे ना इथे. आहे ना मी.’

ओवी रडायची थांबली. सात वर्षांच्या मुलीला कळतं की दार मुद्दाम मारत नाही. एवढा मोठा बाबा कपाटाला मारतोय, हे बघून ती चाट पडली होती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, पण घाबरून नव्हे. तेवढं मला ओळखता येतं.

घाबरलो मी होतो. हे शब्द माझ्याकडे आले कुठून? अण्णा असलं काही बोलणाऱ्यातले नव्हते. गौराक्का समजूत घालायच्या ती कन्नडमध्ये. शाळेतल्या मिस इंग्रजीत. या गावात माझ्या बोटावर मराठीत फुंकर घालेल असं माणूस एकच होतं. आणि मला ते आठवत नाही, आई. खरंच आठवत नाही. कुठलं दार, कुठलं बोट, मी केवढा होतो, काही काही आठवत नाही. वाईट तेवढं मी नेटकं लावून ठेवलं आणि हे हरवलं. तीन वर्षं मंगळवारी मंगळवारी त्या खोलीत बसलो, त्यात हे एकदाही आलं नाही. पण तू केलं असणार. एकदा नाही, पुष्कळदा केलं असणार, नाहीतर ते असं न विचारता तोंडात आलं नसतं. माझ्यासाठी तू दारं बडवली असणार, फरशीला रागावली असणार, ‘मी आहे ना’ म्हणत बसली असणार. याने ‘फितूर’ पुसला जात नाही. ते तुला सांगायलाच हवं. तेही तूच म्हणालीस आणि हेही तूच.

‘डू इट अगेन, बाबा,’ ओवी म्हणाली.

मी पुन्हा दाराला मारलं. मग तिनेही मारलं, दुखऱ्या हाताचं विसरून, आणि ‘हात रे दारा’ म्हणाली. उच्चार वाईट होता. दीपा साडी हातात धरून आमच्याकडे बघत होती आणि गौराक्का डोळे पुसत होत्या. त्यांनी हे आधी ऐकलं असावं. मी त्यांना विचारलं नाही, विचारायचा धीर झाला नाही.

‘हू टॉट यू दॅट?’ ओवीने विचारलं.

‘आजीने,’ मी म्हणालो.

तू गेल्यापासून तुझ्याबद्दल इतकं सरळ उत्तर मी कुणालाच दिलं नव्हतं.